स्टँडबाय

हौसेला मोल नसतं म्हणतात.
असतं. चार हजार तीनशे डॉलर,
वर तीन वर्षं वाट बघणं,
आणि आणायला आपण स्वतः जायचं.
वेंडेल प्रू घरपोच पाठवत नाही.
कुरिअरवाले आपटतात, म्हणतो,
आणि काच ती काचच.

डुलुथच्या वर दोन तास, बर्चच्या रानात
त्याचं गॅरेज. एकटाच सोल्डर लावत बसतो.
वर्षाला चौदा अँप्लिफायर.
पंधरावा मागितला तर कुत्र्याकडे बोट दाखवतो:
मग ह्याला फिरवायचं कोणी?

मी बर्फ काढायचा ट्रक चालवते. सव्वीस हिवाळे झाले.
नोव्हेंबर ते एप्रिल, पहाटे तीनला,
रस्त्यावर असून रस्ता शोधत असते.
ह्या हातांना गिटार येते ती बेताचीच,
सहा गाणी पुरी, दोन अर्धी,
बार कॉर्ड धरताना तर्जनी अजून कुरकुरते.
एवढ्याशा वाजवण्याला एवढी मोठी पेटी?
असं बहिणीने विचारलं असतं.
तिला मी सांगितलंय, सेकंडहँड आहे, सहाशेला.

आधी पॉवर. तांबडा दिवा, डाळिंबाच्या दाण्याएवढा.
मग स्टँडबाय. मग काही नाही.
मागच्या जाळीतून व्हॉल्व्ह नारिंगी व्हायला लागतात,
तापल्या धुळीचा वास येतो,
आणि सौना तापेपर्यंत टोइवो जसा
बाकावर गप्प बसतो, गुडघ्यांवर हात,
तशी मी बसते.
कधीकधी वाटतं, पैसे ह्या मिनिटाचेच दिले.
आवाज वर घातलेला.

मग स्विच वर. आणि ती गुणगुण,
ना ह्या सुरात ना त्या,
दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत राहणारी.

आकडे बारापर्यंत आहेत. मी दोनवर असते.
तीनला खालून मिसेस ऑस्टबीची काठी.

जुलैत ट्रक रंगायला गेले, शेड रिकामी.
किल्ली टोइवोकडे. काँक्रीटवर पेटी ठेवली,
नॉब सातवर नेला, डोळे मिटले
आणि सगळ्यात जाड तार नुसती सोडली.
भिंतीवरचे पाने वाजले.
सगळे नव्हेत. एकच, एकोणीस नंबरचा,
खिळ्यावर थरथरत राहिला.
पुढच्या तारेला कोपऱ्यातली साखळी बोलली,
त्याच्या पुढच्या तारेला पत्र्याचा एक तुकडा
ज्याला सव्वीस वर्षांत कोणी हात लावला नव्हता.
मी एकही गाणं वाजवलं नाही.
तासभर नुसती हजेरी घेत होते.

टोइवोने कानावरचे गोळे काढले.
कितीला पडला?
सहाशे.
तो नौदलात वायरिंग करायचा, हे मी विसरले होते.
टॉर्च घेऊन मागे वाकला, बराच वेळ तसाच.
आत एकेक वायर अशी बसवलेली,
शाळेच्या पहिल्या दिवशी कोणी
पोरीची वेणी घालून द्यावी.
टॉर्च बंद केला. कंबर धरून उठला.
सहाशे, म्हणाला.
स्वस्तात मिळाला.
आणि माझ्या बहिणीशी रविवारी चर्चमध्ये
तो फक्त हवेबद्दल बोलला.

आता डिसेंबर. लोखंडाची माती भरून
बंदरातून निघालेलं जहाज
पुलाखालून जाताना भोंगा देतं:
एक लांब, दोन आखूड.
माझी गिटार स्टँडवर. हात चहाच्या कपाभोवती.
तरी पेटीच्या तळातल्या स्प्रिंगा शहारल्या,
आणि स्पीकरमधून, अगदी हलकेच,
लांबच्या पत्र्याच्या छपरावर कोणी चालावं तसं काही आलं.

खालून काठी वाजली.
मी नव्हते, मी ओरडून सांगितलं.
जहाज होतं!
मग थोडं थांबून, हळू,
तिला ऐकू जाणार नाही असं:
आणि थोडे आम्ही.